अडतीस वेशी आणि एक लोहमार्ग

आमच्या अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात फ्रीडरिश लिस्ट या जर्मन विचारवंताच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. संरक्षक जकातीचा पुरस्कर्ता, बाल्यावस्थेतील उद्योगांना सरकारने आसरा द्यावा असे सांगणारा, ॲडम स्मिथचा टीकाकार, एवढे पाठ केले की परीक्षेतील एका टीपेची सोय होते. मात्र त्याच्या चरित्राची पाने चाळू लागलो आणि एक निराळाच माणूस समोर आला. या माणसाचे निम्मे आयुष्य रस्ते, कालवे आणि आगगाडी यांच्या चिंतेत गेले. शेजारीशेजारी नांदणाऱ्या तीन डझन राज्यांनी वाहतुकीचा विचार एकत्र बसून करावा, या एका हट्टापायी त्याने नोकरी गमावली, तुरुंग पाहिला, देश सोडला आणि पैसाही घालवला. त्या परिच्छेदात न मावलेला हा लिस्ट आपल्या वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

लिस्टचा जन्म १७८९ च्या ऑगस्ट महिन्यात दक्षिण जर्मनीतील रॉयटलिंगेन या गावी झाला. त्याच वर्षी शेजारच्या फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. बापाचा धंदा कातडी कमावण्याचा. मुलाने तोच पुढे न्यावा अशी घरच्यांची इच्छा. पण मुलाचे मन त्या हौदांत रमेना. अखेर त्याला सरकारी कचेरीत उमेदवार म्हणून चिकटवण्यात आले. रॉयटलिंगेन हे पूर्वी स्वतंत्र नगर होते, कुणा राजाची सत्ता त्यावर नव्हती. नेपोलियनच्या धामधुमीत, लिस्ट तेरा-चौदा वर्षांचा असताना, ते व्युर्टेंबर्गच्या राज्यात सामील झाले. म्हणजे स्वतःच्या गावची वेस न ओलांडता या मुलाने एक राज्य सोडून दुसऱ्यात प्रवेश केला! सीमा ही माणसाने आखलेली असते आणि माणूस ती पुसूही शकतो, हे त्याला लहानपणीच दिसले असावे, असे मला वाटते.

कारकुनीतून तो भराभर वर चढला. १८१६ हे साल युरोपात उन्हाळा न आलेले वर्ष म्हणून प्रसिद्ध आहे. पिके बुडाली, धान्य कडाडले आणि व्युर्टेंबर्गमधून कुटुंबेच्या कुटुंबे अमेरिकेची वाट धरू लागली. १८१७ मध्ये सरकारने लिस्टला हाइलब्रोन येथे पाठवले. हे लोक देश का सोडतात, ते त्यांनाच विचारून लिहून आणायचे, हे त्याचे काम. त्याने एकेकाला बसवून जबान्या घेतल्या. कर, वेठ, वरिष्ठांचा जाच आणि कचेरीतली अडवणूक यांचीच रड बहुतेकांनी सांगितली. अर्थशास्त्र हे लिस्ट असे शिकला. त्याच वर्षी ट्युबिंगेन विद्यापीठात राज्यकारभाराचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि तीही विद्यापीठाची कोणतीच पदवी हाती नसताना. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला, हे सांगून टाकतो.

आता त्या काळच्या जर्मनीचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. जर्मनी नावाचा एक देश तेव्हा नव्हताच. १८१५ मध्ये जो जर्मन संघ बनला त्यात ३९ सभासद राज्ये होती. ऑस्ट्रिया आणि प्रशिया ही त्यांतली दोन बलाढ्य, बाकीची मध्यम किंवा अगदी चिमुकली. आपल्याकडील सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड या संस्थानांचे तुकडे एकमेकांत कसे गुंतलेले होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की आपल्या संस्थानांवर इंग्रजांची एक सार्वभौम सत्ता होती, आणि तिकडे प्रत्येक राजा आपल्या वेशीपुरता सार्वभौम होता. प्रत्येकाचा जकात नाका वेगळा, दर वेगळे, वजने-मापे वेगळी आणि नाणीही वेगळी. लिस्टने मोजल्याप्रमाणे अशा ३८ जकातींच्या भिंती होत्या. बर्लिनहून स्वित्झर्लंडला माल न्यायचा तर व्यापाऱ्याला दहा राज्ये ओलांडावी लागत, दहा ठिकाणचे कायदे शिकावे लागत आणि दहा वेळा पैसे मोजावे लागत. इंग्लंडचा स्वस्त माल मात्र बंदरांतून बिनदिक्कत आत येई. शेजाऱ्याचा माल अडवायचा आणि परक्याला दार उघडे ठेवायचे, असा हा उफराटा कारभार होता.

हे वाचताना मला फार समजावून घ्यावे लागले नाही. माझे वडील ट्रक चालवतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याआधी मोठ्या शहराच्या जकात नाक्यावर गाडी रात्रभर उभी राहिल्याच्या हकीकती मी त्यांच्याकडून ऐकत आलो आहे. कापडाच्या गाठी भरलेल्या, भाडे ठरलेले, पोचायची वेळ ठरलेली. आणि रांग पुढे सरकत नाही. एका नाक्याची ही कथा, तर दहा नाक्यांचे काय झाले असेल? रस्ता कितीही चांगला बांधा, दोन्ही बाजूंचा कायदा एक नसेल तर गाडी थांबते. लिस्टचे म्हणणे थोडक्यात हेच होते.

१८१९ च्या एप्रिल महिन्यात फ्रांकफुर्टच्या जत्रेसाठी व्यापारी आणि कारखानदार जमले असता लिस्टने त्यांची एक संघटना उभी केली. अंतर्गत जकाती उठवाव्यात आणि सर्व जर्मन राज्यांच्या बाहेरच्या सीमेवर एकच जकात असावी, असा अर्ज त्यानेच लिहिला आणि फ्रांकफुर्ट येथील संघसभेपुढे ठेवला. सभेने दाद दिली नाही. उलट परक्या राज्यातील व्यापाऱ्यांचे पुढारपण करणारा हा प्राध्यापक व्युर्टेंबर्ग सरकारच्या डोळ्यांत सलू लागला आणि त्याच वर्षी त्याला प्राध्यापकी सोडावी लागली. पुढच्या वर्षी रॉयटलिंगेनच्या मतदारांनी त्याला आपला प्रतिनिधी म्हणून विधिसभेत पाठवले. तेथे त्याने नोकरशाहीवर इतका प्रखर अर्ज लिहिला की सभेतून त्याची हकालपट्टी झाली आणि १८२२ मध्ये दहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावण्यात आली. तो पळाला, फ्रान्स, स्वित्झर्लंड असे भटकून १८२४ मध्ये परत आला आणि थेट होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात डांबला गेला. देश सोडून अमेरिकेला जाण्याच्या अटीवर १८२५ च्या आरंभी त्याची सुटका झाली. आठ वर्षांपूर्वी ज्या देशत्याग्यांच्या जबान्या त्याने घेतल्या होत्या, त्यांच्याच वाटेने आता तो स्वतः बायकामुलांसह निघाला.

अमेरिकेतील सुरुवातीचा काळ भराभर सांगून टाकतो. शेती केली, ती साधली नाही. पेनसिल्व्हेनियातील रेडिंग गावी एका जर्मन वृत्तपत्राचे संपादन केले, ते चांगले साधले. १८२७ मध्ये अमेरिकन अर्थकारणावर त्याने लिहिलेली पत्रे गाजली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. टमाक्वा येथील डोंगरात दगडी कोळशाचा साठा त्याच्या हाती लागला. कोळसा सापडून उपयोग काय? तो डोंगरातून कालव्यापर्यंत पोचला पाहिजे. लिस्टने भागीदार मिळवून टमाक्वापासून पोर्ट क्लिंटनपर्यंत लोहमार्ग काढण्याचा उद्योग आरंभला आणि १८३१ मध्ये तो मार्ग सुरूही झाला. इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर गाडी धावू लागून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. कोळशाची किंमत खाणीत ठरत नाही, रस्त्यात ठरते, हा धडा त्याला या डोंगरात मिळाला. त्याच रानात आपल्याला जर्मनीतील लोहमार्गांची स्वप्ने पडत असत, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. हाती पैसा आला होता, अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते. शहाण्या माणसाने तेथेच घर बांधले असते. लिस्ट मात्र अमेरिकन वाणिज्यदूत म्हणून युरोपात परतला आणि काही काळाने लाइपझिग येथे स्थिरावला.

१८३३ मध्ये तेथे त्याने एक छोटी पुस्तिका छापली. विषय सॅक्सनी या एका राज्यातील लोहमार्गाचा, विशेषतः लाइपझिग ते ड्रेस्डेन या मार्गाचा. परंतु शीर्षकातच त्याने सांगून टाकले होते की हा सबंध जर्मनीच्या लोहमार्गजाळ्याचा पाया आहे. सोबत एक नकाशा होता. त्यावर बर्लिन, हांबुर्ग, लाइपझिग, म्युनिक, फ्रांकफुर्ट, बाझेल अशी शहरे रेघांनी जोडलेली होती. त्या रेघा कोणत्याही राजाच्या सीमेपाशी थांबत नव्हत्या. हा नकाशा निघाला तेव्हा साऱ्या जर्मनीत वाफेच्या इंजिनाची एकही गाडी धावत नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे धाडस कळते. पहिली छोटी गाडी न्युर्नबेर्ग ते फ्युर्ट अशी ७ डिसेंबर १८३५ रोजी धावली. पुढील काही दशकांत जे मुख्य मार्ग प्रत्यक्ष बांधले गेले, त्यांतले कितीतरी या रेघांच्या आसपासच गेले.

या नकाशाच्या जोडीला दुसरी एक घटना घडत होती. १ जानेवारी १८३४ रोजी प्रशियाच्या पुढाकाराने जर्मन जकातसंघ अमलात आला. १८ राज्ये आणि सुमारे २ कोटी ३० लाख लोक एका जकातीखाली आले. त्या मध्यरात्री नाक्यांवर मालाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा आडकाठ्या उचलल्या जाण्याची वाट पाहत उभ्या होत्या, असे वर्णन आढळते. पुष्कळ लेखक जकातसंघाचे सगळे श्रेय लिस्टला देतात. मला ते पटत नाही. तह घडवले ते प्रशियाच्या अर्थमंत्र्यांनी आणि मुत्सद्द्यांनी, आणि त्या वाटाघाटींच्या ऐन काळात लिस्ट समुद्रापलीकडे कोळसा खणत होता. पण १८१९ मध्ये ज्याने ही मागणी चारचौघांत मांडली आणि तिची किंमत मोजली, तो लिस्ट होता. शिवाय जकातसंघ आणि आगगाडी ही जुळी भावंडे आहेत, एकावाचून दुसरे पांगळे राहील, हे त्याच्याइतके स्पष्ट कुणी पाहिले नाही. जकात उठली पण माल बैलघोड्यांवरच राहिला, तर बाजार वाढत नाही. आगगाडी आली पण दर पाच कोसांवर तपासणी राहिली, तर इंजिनाचा वेग फुकट जातो.

लाइपझिगच्या व्यापाऱ्यांनी पुस्तिका उचलून धरली. कंपनी निघाली आणि १८३५ मध्ये तिचे शेअर दोन दिवसांच्या आत खपले. ७ एप्रिल १८३९ पर्यंत लाइपझिग ते ड्रेस्डेन हा सारा मार्ग खुला झाला. जर्मनीतील लांब पल्ल्याचा हा पहिला लोहमार्ग. ओबेराऊजवळचा त्याचा बोगदाही जर्मन रेल्वेच्या इतिहासात पहिला म्हणून नोंदला गेला आहे. आणि लिस्ट? त्याचे कंपनीच्या मंडळींशी पटले नाही. संचालकांत त्याला स्थान मिळाले नाही. मानधनाची रक्कम हातावर ठेवून त्याला निरोप देण्यात आला. दोष एकट्या व्यापाऱ्यांचा होता असेही म्हणवत नाही. लिस्ट उतावळा होता, तापट होता. समोरचा एक मार्ग बांधण्याच्या विवंचनेत असताना हा त्याला सबंध नकाशा समजावून सांगत बसे. त्यातच १८३७ च्या अमेरिकेतील आर्थिक अरिष्टात त्याची तिकडची मिळकतही बुडाली. तो पॅरिसला निघून गेला.

यापुढचा प्रसंग मला त्याच्या आयुष्यातील सर्वांत बोलका वाटतो, आणि क्रमिक पुस्तकात त्याचा मागमूसही नाही. १८४० मध्ये तो जर्मनीत परतला तेव्हा पूर्वेकडील हाले शहरापासून पश्चिमेकडील कासेलपर्यंत लोहमार्ग कसा न्यावा याचा खल चालू होता. मध्ये थुरिंगिया हा प्रदेश. वायमार, गोथा, मायनिंगेन अशी छोटी छोटी राज्ये तेथे एकमेकांना खेटून बसलेली. त्यांना वगळून उत्तरेकडून मार्ग नेण्याचा बेत पुढे आला होता. नकाशावर तो सोपा दिसत होता, कारण जितकी राज्ये कमी तितके करार कमी. लिस्टने या राज्यकर्त्यांना वर्तमानपत्रांतील लेखांतून आणि प्रत्यक्ष दरबारी भेटींतून पटवले की प्रत्येकजण आपापल्या गावापुरता भांडत बसला तर कुणाच्याच गावाला गाडी येणार नाही. सर्वांनी मिळून एकच मार्ग मागितला तर मोठ्या राज्यांनाही ऐकावे लागेल. जेथे वस्ती आहे, बाजार आहे, कारागीर आहेत, तेथून मार्ग गेला पाहिजे. थोडा वळसा पडला तरी भाड्याचे उत्पन्न तो वळसा भरून काढील. दरबारांना हे पटले. राज्यांमध्ये करार झाले आणि वायमार, एरफुर्ट, गोथा, आयझेनाख या गावांवरून जाणारा मार्ग १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधून झाला. आजही हाले ते आयझेनाख गाडी याच गावांवरून जाते. या कामाबद्दल येना विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या दरबारांकडून थोडी बिदागी मिळाली, कायमची नोकरी मात्र मिळाली नाही.

१८४१ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ, राष्ट्रीय अर्थशास्त्राची मांडणी करणारा, प्रसिद्ध झाला आणि युरोपभर त्याचे नाव झाले. त्याच सुमारास कलोन येथे निघणाऱ्या एका नव्या वृत्तपत्राचे संपादकपद त्याच्याकडे चालून आले होते. प्रकृतीच्या कारणाने त्याने ते नाकारले. पुढे त्या जागी कार्ल मार्क्स आला, हा इतिहासातला गमतीचा योगायोग. १८४३ पासून लिस्टने जकातसंघाच्या प्रश्नांना वाहिलेले साप्ताहिक चालवले, १८४४ मध्ये हंगेरीला जाऊन तेथील वाहतुकीचा प्रश्न अभ्यासला. १८४६ मध्ये तो इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातील मैत्रीची योजना घेऊन लंडनला गेला. कुणी लक्ष दिले नाही. मुलगा ऑस्कर पूर्वीच गेला होता. डोकेदुखी, पैशाची विवंचना आणि आपण कुणालाच नको आहोत ही भावना यांनी तो खचला. प्रकृतीसाठी दक्षिणेकडे निघाला असता वाटेत टिरोलमधील कुफश्टाइन येथे ३० नोव्हेंबर १८४६ रोजी त्याने आपले जीवन संपवले. वय ५७. कबर तेथेच आहे.

तारखांचा एक विलक्षण मेळ येथे सांगितला पाहिजे. त्याच्या मृत्यूच्या वीसच दिवस आधी, १० नोव्हेंबर १८४६ रोजी, बर्लिन येथे प्रशियातील दहा रेल्वे कंपन्यांनी आपला संघ स्थापन केला होता. पुढल्याच वर्षी तो सर्व जर्मन रेल्वे कारभाऱ्यांचा संघ झाला आणि पुढे ऑस्ट्रिया, हॉलंड यांच्या रेल्वेही त्यात आल्या. एका राज्याचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर कोणत्या नियमाने जाईल, त्याचे भाडे कसे वाटून घ्यावे, मोडला तर दुरुस्ती कुणी करावी, या साध्यासुध्या प्रश्नांची उत्तरे हा संघ देऊ लागला. १८५० मध्ये लोहमार्ग बांधण्याचे समान तांत्रिक नियमही त्याने ठरवले. लिस्टने नकाशावर रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांवरून डबा अडखळल्याशिवाय जाण्यासाठी असल्या रूक्ष नियमांची गरज होती. हे काम कुणा एका प्रतिभावंताचे नसते, वर्षानुवर्षे टेबलाभोवती बसणाऱ्या अभियंत्यांचे आणि हिशेबनिसांचे असते.

शेजाऱ्यांना न विचारता काम केले म्हणजे काय होते, याचा दाखला बाडेन या राज्याने घालून दिला. १८४० पासून बाडेनने आपले रूळ १६०० मिलिमीटर रुंदीचे टाकले, तर आजूबाजूच्या सर्वांचे १४३५ मिलिमीटरचे होते. १८४६ मध्ये फ्रांकफुर्ट, हेसेन आणि बाडेन या तीन राज्यांच्या सामायिक मालकीचा लोहमार्ग हायडेलबर्गला येऊन पोचला, तोही १४३५ चा. मग सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरण्याची पाळी आली. जकात उठली होती, पण साडेसोळा सेंटिमीटरांनी नवा नाका उभा केला! शेवटी १८५४-५५ मध्ये बाडेनने आपले सगळे रूळ उखडून पुन्हा टाकले, इंजिने आणि डबे बदलून घेतले. खर्च अर्थात रयतेच्या माथी.

लिस्टचा आपल्याशीही एक संबंध आहे. १८९२ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. प्रत्येक देशाचे अर्थशास्त्र त्याच्या इतिहासाला आणि परिस्थितीला धरून असले पाहिजे, हे सांगताना त्यांनी लिस्टचा आधार घेतला. गंमत अशी की लिस्टच्या मते यंत्रोद्योग हा समशीतोष्ण कटिबंधातील देशांचा अधिकार. उष्ण कटिबंधाने कच्चा माल पुरवावा आणि तयार माल घ्यावा. म्हणजे शेजाऱ्यांच्या भिंती पाडणाऱ्या या माणसाने जगाच्या मध्यावर एक भिंत तशीच ठेवली होती, आणि आपण तिच्या पलीकडे होतो. रानड्यांनी लिस्टचा युक्तिवाद घेतला आणि कटिबंधांची ही वाटणी त्याच व्याख्यानात धुडकावली. त्यांच्या इंग्रजी निबंधांचा संग्रह आमच्या ग्रंथालयात आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो वाचतो आहे. निम्मा झाला आहे.